आगमन झालेले आहे

मंगल कार्यालयाच्या फाटकात धुळीचा लोट उठवत एक जीप थांबली. कडक इस्त्रीच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला एक तरुण उडी मारून उतरला आणि समोर उभ्या असलेल्या मुलीलाच त्यानं विचारलं, "आवं, जयराजदादा मोहित्यांचं नाव पुकारलं का आत?"

"पुकारलं की," सृष्टी म्हणाली. "तीनदा."

"तीनदा! लय भारी!" तो खूश झाला. "कोण हाय माइकवर?"

"मीच."

आता त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. लाल झालेले कान, डोळ्यांत पाणी की विस्तव, कळेना. झालं होतं असं : जयराजदादांच्या सिद्धू नावाच्या कार्यकर्त्यानं तिच्या हातात चिठ्ठी कोंबली. 'युवकांचे आशास्थान जयराजदादा यांचे मंडपात आगमन झालेले आहे.' तिनं भोळेपणानं तीनदा वाचली. वधूपिता फेटा-नारळ घेऊन उभे राहिले, आणि दादांचा पत्ताच नाही! सिद्धूही पसार. 'पोरीचं माइकवर काय काम?' म्हणणारी म्हातारी मंडळी पहिल्याच रांगेत खुदुखुदू हसली. शेवटी साऊंडवर बसलेल्या तिच्या वडिलांनी, फौजेतून निवृत्त झालेल्या मानसिंगांनी, सनई लावून वेळ मारून नेली.

"तुमीच व्हय ते जयराजदादा? कुठं होता तुमी?"

"आटपाडीत... दुसऱ्या लग्नात," तो ओशाळला. "एका मुहूर्तावर तीन-तीन लग्नं. सगळीकडं कसं पुरणार? पण नाव ऐकू आलं की लोकांना वाटतं, माणूस आपला हाय. पंचायत समितीला उभं ऱ्हायचंय मला."

"तुमचं नाव होतंय, माझी जबान खोटी पडतीय. ह्यापुढं माणूस दिसल्याशिवाय माझ्या माइकवर नाव न्हाई. आणि अक्षता पडल्यावर पळायचं न्हाई!"

"आणि दिसलो तर?"

"तर बघू..."

मग तो दिसायला लागला! पलूस परिसरात सृष्टीचं निवेदन असेल, तिथं जयराज हजर. आधी पहिल्या रांगेत, मग पंख्याखाली, मग तिला नीट दिसेल अशा खुर्चीवर. शेवटच्या पंगतीत मठ्ठा वाढताना इस्त्रीच्या शर्टाची पार रया गेली. माइक हातात घेण्याआधी सृष्टीची नजर आपोआप त्या खुर्चीकडे जायची... आणि तो तिथं असला, की तिचा आवाज उगीचच गोड व्हायचा. एकदा तर नवरदेवाचं नाव वाचताना 'चिरंजीव जय—' इथवर आली आणि बिचारीनं खोकल्यावर निभावलं. प्रेमात पडली होती, दुसरं काय!

"जयराजदादा, पाणी देऊ?"

"तेवढं दादा म्हणू नका."

"चिठ्ठीत तुमीच लिवता की."

"ते मतदारांसाठी," तो पुटपुटला. "सगळ्या जगाचा दादा व्हईन... तुमचा न्हाई."

ती हसली नाही, पण पाण्याचा तांब्या देताना निम्मं पाणी सांडलं.

इकडे सिद्धूनं डोक्याला हात लावला होता. बाकीच्या गावांत कुजबुज सुरू झालेली, 'जयराज आमच्याकडं फिरकत न्हाई.' सगळं सावरायची एकच संधी उरली. उमेदवारी ज्यांच्या हातात, त्या लालासाहेबांच्या पुतण्याचं शिराळ्यात लग्न होतं. तिथंच ते उमेदवाराला स्टेजवर बोलावून हार घालणार होते. आणि त्याच मुहूर्तावर पलूसला सृष्टीच्या निवेदनाचं एक लहानसं लग्न.

"शिराळ्याला जावा," तिनंच बजावलं. "ह्याच्यासाठी तर एवढी उरस्फोड केली."

त्या दिवशी खुर्ची रिकामी राहिली. शहाण्यासारखा गेला, असं तिनं स्वतःला चारदा सांगितलं आणि चारही वेळा तिला रडू आलं. मंगलाष्टकांना दहा मिनिटं होती. एवढ्यात तो दारातून धापा टाकत आला, थेट व्यासपीठाच्या पायऱ्यांपाशी.

"शिराळ्याला न्हाई गेलात?"

"नाव पाठवलंय तिकडं, सिद्धूबरोबर," तो म्हणाला. "मी इकडं आलोय."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडून सिद्धू एवढ्यानं ओरडत होता की तिलाही ऐकू आलं. "दादा, हायसा कुठं? लालासाहेबांनी चारदा हाक मारली! आता हार दुसऱ्याच्या गळ्यात पडला!"

जयराजनं फोन खिशात टाकला. चेहरा पार उतरला होता, तरी तो हसायला बघत होता. सृष्टीला त्याची फार फार दया आली आणि त्याहून जास्त आनंद झाला. त्या आनंदाची तिला लाजही वाटली.

"गेली उमेदवारी?"

"गेली. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण तिकडं गेलो असतो तर ह्याच्याहून वाईट वाटलं असतं."

"आता दिसलात, तर पुकारायला पाहिजे," तिनं माइकवर हात ठेवून विचारलं. "वधूकडचे म्हणू का वराकडचे?"

तो एक पायरी चढला. मग मान वर करून हळूच म्हणाला, "निवेदिकेकडचा... चालंल?"

सृष्टीनं पदर सावरला, घसा साफ केला. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी कान टवकारले.

"निवेदिकेकडचे पाहुणे..." तिचा आवाज कापला. "श्री. जयराज मोहिते यांचं मंडपात... आगमन झालेलं आहे."

मशीनमागून मानसिंग उठले. मिशी, छाती, सगळं फौजी ताठ. त्यांनी जयराजला खालून वर एकदा न्याहाळलं, वाकून एक बटण पार शेवटपर्यंत फिरवलं आणि म्हणाले,

"मागच्या रांगेला ऐकू गेलं न्हाई, पोरी. आवाज वाढवलाय. परत बोल."