उणे चौदा

प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘उणेमास्तर’ म्हणत. नवीन माणूस आला की हा त्याला पहिला धडा द्यायचा, "इथे जितकं उणं, तितकं चांगलं." विषाणूच्या प्रथिनात एक खाच असते. रानवनस्पतींमधली संयुगं संगणकावर एकेक करून त्या खाचेत बसवून पाहायची. जे घट्ट बसेल त्याचा आकडा शून्याच्या खाली खोल जातो. यादीत दोन हजार एकशे चाळीस संयुगं होती आणि बहुतेकांनी उणे सहाशीच गाशा गुंडाळला होता.

एरवी त्याने यावरही विनोद केला असता. पण त्याच विषाणूपायी त्याची ताई आठ दिवस इस्पितळात काचेआड पडून होती. आई गेल्यापासून तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं.

सोमवारी सकाळी यादीत एक ओळ जास्त निघाली. वनस्पतीचं नाव कोरं. सापडल्याचं ठिकाण: मागचं दार, नळाजवळ. आकडा: उणे आठ.

ही यादी भरायचं काम वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह सांभाळणाऱ्या बाईंचं. त्यांनी त्या ओळीच्या क्रमांकाचं पाकीट काढलं. आत झाड नव्हतंच, कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात नुसती चिठ्ठी चिकटवलेली होती. डिंक अजून ओला होता.

"ही मी नाही लावली," बाई म्हणाल्या. "आणि अक्षर तर तुमचं आहे."

अक्षर त्याचंच होतं. तारीख येत्या गुरुवारची. खालची शेऱ्याची ओळ पांढऱ्या डिंकाने माखली होती, वाचता येत नव्हती.

"थट्टा करताय का माझी?"

"या दिवसांत?" बाईंनी पाकीट मिटलं.

घरी येऊन त्याने मागचं दार उघडलं. नळाखालच्या सिमेंटला एक चीर होती, तिच्यात थोडं शेवाळ. बाकी काही नाही.

मंगळवारी त्याने तेच गणित पुन्हा चालवलं. तीच माहिती घातली की तेच उत्तर यायला हवं, यावर त्याची अख्खी नोकरी उभी होती. उत्तर उणे दहा आलं. दुपारी डॉक्टरांचा फोन आला, ऑक्सिजन उतरतोय म्हणून. संध्याकाळी पाहिलं तर चिरेत दोन राखाडी पानं होती. वाकून हुंगलं तर गरम इस्त्रीचा वास. ताई त्याच्या शाळेच्या शर्टाला इस्त्री करायची तेव्हाचा.

बुधवारी उणे बारा. परिचारिकेने ताईच्या कानाशी फोन धरला.

"ताई, औषध सापडतंय बघ."

तिला धाप लागली होती. मग ती म्हणाली, "नळाजवळचं नको रे काढूस."

त्याने तिला त्या झाडाबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता.

"तापात बरळतात हो," परिचारिका म्हणाली. त्यालाही तेच मानायचं होतं.

गुरुवारी उणे चौदा. असा आकडा त्याने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. पानापासून औषधापर्यंत वर्षं जातात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी रसायन विभागातले म्हणाले, "मुळासकट आणा, अर्क काढून बघू," आणि तो धावत घरी आला. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं. नुसतं बसून राहणं त्याला सोसवत नव्हतं.

झाड वीतभर वाढलं होतं.

तो गुडघ्यांवर बसला. तिचं बोलणं आठवलं. त्याने हात मागे घेतला.

मग डोळे मिटून ओढलं.

मुळं लांब होती. आणि कोमट.

आत फोन वाजत होता.

"आत्ताच गेल्या," डॉक्टर म्हणाले. "अगदी एका क्षणात."

झाड रसायन विभागात गेलं नाही. त्याने ते संग्रहातल्या झाडांसारखं रद्दी कागदांत दाबून ठेवलं. आठवडाभराने तो कामावर गेला तेव्हा कुणी त्याला उणेमास्तर म्हटलं नाही. बाईंनी काही न विचारता पाकीट पुढे केलं. वाळलेलं झाड चिठ्ठीशेजारच्या जागेत मुळांसकट नीट मावलं.

डिंक आता सुकून काचेसारखा झाला होता. शेऱ्याची ओळ स्पष्ट दिसत होती, त्याच्याच अक्षरात.

‘ती नको म्हणत होती.’