उंबर, तडा आणि चौदाचा पाना

माझी आणि दीपेशची पहिली भेट झाली तेव्हा मला त्याचे फक्त पाय दिसत होते. बाकीचा दीपेश आमच्या ट्रॅक्टरखाली होता.

गोडाऊनची ड्युटी संपवून मी दिघाशीला घरी आले, तर अंगणात हे पाय. डाव्या मोज्याला भोक. भोकातून अंगठा बाहेर.

"कोण आहे?" मी विचारलं.

"मेकॅनिक." बोलताना अंगठा हलला. "तो चौदाचा पाना द्या ना जरा."

मी पेटीत शोधून दिला. एक काळा हात बाहेर आला, पाना घेऊन आत गेला. माझ्या बोटांना ऑइल लागलं. पण ते ऑइलसारखं दिसत नव्हतं, दुधाच्या चहासारखं दिसत होतं.

"हे असं कसं झालं?"

"आत पाणी शिरलंय. तुम्ही... जरा बाजूला होता? उजेड अडतोय."

मी झाले.

"जास्त झालात," पाय म्हणाले. "थोडं परत या."

ट्रॅक्टर आजोबांनी घेतलेला. रंग कधीकाळी लाल होता असं सगळे सांगतात, म्हणून आम्ही मानतो. शेत आता नावापुरतं उरलंय, त्याला हा लागत नाही. पण आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात मांडवात रोवायची उंबराची फांदी वाजतगाजत याच ट्रॅक्टरवरून आली आहे. गेल्या लग्नसराईत चुलतभावाचा उंबर घेऊन बाबा भिवंडीत गेले आणि धामणकर नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकले. ट्रॅक्टर तापला, धूर सोडला आणि गेला. त्या नाक्यावर माणसंही तशीच जातात, पण त्यांना टँकरला बांधून घरी आणत नाहीत.

दीपेश बाहेर आला. वरचा भागही ठीक होता.

"काका, इंजिनाच्या ब्लॉकला तडा आहे," तो बाबांना म्हणाला. "एकतर दुसरा ब्लॉक टाकायचा. मिळाला तर दहा वर्षं बघायला नको. नाहीतर तड्यावर पट्टी मारायची, ती एक लग्नसराई काढेल. तुम्हाला किती चालवायचाय त्यावर आहे."

"मृणालीच्या लगनापरत," बाबा माझ्याकडे बोट करून म्हणाले.

"लग्न कधी आहे?"

"त्ये तुझ्यावर हाय. तू सांग, ह्यो किती टिकल."

दीपेशने माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे पाहिलं. मुहूर्त काढायला मेकॅनिक बोलावणारं आमचं तालुक्यातलं पहिलंच घर असावं.

बाबांचा हिशोब सरळ होता. वाडा गावचं स्थळ हो म्हणून बसलं होतं. ट्रॅक्टर एकच लग्नसराई टिकणार असेल, तर तुळशीचं लग्न झालं की माझं. दहा वर्षं टिकणार असेल, तर घाई नाही. स्थळाचं नाव सागर. तो वाईट नव्हता. बघायला आला तेव्हा तासभर मला त्याच्या गोडाऊनची उंची सांगत होता. उंची चांगली होती.

दोन दिवसांनी मी पडघ्याला दीपेशच्या गॅरेजवर गेले. परतीचा पाऊस पत्र्यावर वाजत होता. तो एका टेम्पोखाली होता. मी पाय ओळखले.

"ब्लॉक मिळाला?"

पाय थबकले. मग तो घाईने बाहेर आला, डोकं आपटून. "नाही. नाशिकपर्यंत विचारलं. एवढं जुनं मॉडेल... कुणाकडेच नाही."

"मग मिळाला म्हणून सांगा. दहा वर्षं चालेल म्हणा."

"इंजिनाबद्दल मी खोटं बोलत नाही."

"माझं लग्न लागतंय हो त्या इंजिनामुळे!"

"तरीपण." तो हात पुसत राहिला. हात केव्हाच पुसून झाले होते. फडकं आता मळत होतं.

"म्हणजे तुम्ही कधीच खोटं बोलत नाही?"

"इंजिन सोडून बोलतो," तो म्हणाला. "त्या दिवशी... चौदाचा एक पाना माझ्या खिशातच होता."

पाऊस वाजत राहिला.

"मग मागितलात कशाला?"

"ट्रॅक्टरखालून तुमच्या चपला दिसल्या. एकीला हिरव्या दोऱ्याची शिलाई. म्हटलं, जी मुलगी तपकिरी चपलेला हिरवा दोरा चालवून घेते, तिचा हात तरी बघावा."

मी तशीच निघाले. घरी येईपर्यंत दोनदा चुकीच्या रिक्षात बसले.

रविवारी तो निकाल द्यायला आला. आईने चहा ठेवला. ट्रॅक्टरमधल्या ऑइलच्याच रंगाचा झाला होता, पण कोणी बोललं नाही.

"काका, खरं सांगतो," दीपेश म्हणाला. "हा रिपेअर करण्यात अर्थ नाही. दुसऱ्या कुणाचा असता तर मी हातही लावला नसता. पट्टी मारून देतो. एक लग्नसराई निघेल, तीही हळूहळू, सोबत कोणीतरी पाणी ओतत चालला तर."

"मंग मी वाड्याला कलवतो," बाबा उठले. "आन पानी वताया तूच ये."

"मी नाही येणार."

"का रं?"

दीपेशने कप खाली ठेवला. "वाड्याच्या नवरदेवासाठी असेल तर... मला नाही जमणार."

अंगणात कोंबडी सोडून सगळे थांबले. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुझा काय म्हनना हाय?"

इतके दिवस मी दहा वर्षं मागत होते. पेटीतून चौदाचा पाना काढून मी दीपेशसमोर धरला.

"पट्टीच मारा," मी म्हणाले. "याच लग्नसराईला."

त्याने पाना घेतला. या वेळी जरा जास्तच वेळ घेतला.

बाबा परत खाली बसले. बराच वेळ ट्रॅक्टरकडे बघत राहिले. दीपेशचा बाप विठू त्यांना ठाऊक होता, घर ठाऊक होतं, गॅरेज ठाऊक होतं. अडचण वेगळीच निघाली.

"पन नवऱ्यानं आपल्याच नवरीच्या मांडवाचा उंबर आनायचा?" ते म्हणाले. "गाव काय म्हनल?"

"काका, तो वाटेत बंद पडणारच," दीपेश म्हणाला. "मी खाली असेन. गावाला फक्त पाय दिसतील."

बाबांनी त्याचे पाय नीट पाहून घेतले. अंगठा अजून बाहेर होता.

"मोजं नवीन घाल," ते म्हणाले.