'भूतगणने'ला न हसलेली बाई

संगणकावरचं फोल्डर रिकामं होतं. रिसायकल बिनही रिकामा होता.

"दीप्ती, तुझ्या टॅबमध्ये कॉपी आहे ना?" बुद्धरत्न सरांनी विचारलं.

दीप्तीने बॅग उलटी केली. चार्जर पडला, पाण्याची बाटली पडली, डबा पडला. टॅब नव्हता.

"सर, सकाळी होता. जेवायच्या सुट्टीत बॅग लेडीज रूममध्ये खुंटीला लावून मी तुमच्याकडे आले. तेवढंच."

सगळे तिच्याकडे बघत राहिले.

महाडच्या त्या कॉलेजातल्या चौघांनी मिळून एक ट्रेलर केला होता. मॉक्युमेंटरीचा, म्हणजे खोट्या गोष्टीच्या खऱ्यासारख्या माहितीपटाचा. नाव 'भूतगणना'. जनगणनेला आलेल्या साहेबाला रिकाम्या वाडीत एकही माणूस सापडत नाही, म्हणून तो भुतं मोजायला लागतो. साहेब झाला होता स्वराज. दिग्दर्शनही त्याचंच. कॅमेरा आणि संकलन सुशांतचं, लेखन सलोनीचं. दीप्तीकडे आलं होतं कोणालाच नको असलेलं काम, प्रेक्षकांचा अभ्यास. ट्रेलर लोकांना दाखवायचा, ते कुठे हसतात, कुठे कंटाळतात ते बघायचं आणि स्पर्धेसाठी अहवाल द्यायचा. महाडच्या एसटी स्टँडवर, हिरकणीवाडीला रोपवेच्या रांगेशेजारच्या टपरीत, आणि शेवटी उमरठच्या वर सलोनीच्या गावात तिने तो दाखवला होता. सगळीकडे एकटीनेच.

स्पर्धेला चार-पाच दिवस उरले होते. बाहेर फुटू नये म्हणून सरांनी दोनच कॉपी ठेवायला लावल्या होत्या. मूळ चित्रीकरणाची कार्डं सुशांतने दुसऱ्या कामासाठी कधीच पुसली होती.

"काम घरातल्याच माणसाचं आहे," सर म्हणाले. "पासवर्ड तुम्हा चौघांनाच माहीत. सोमवारपर्यंत मला उत्तर हवंय."

आणि त्यांची नजर पुन्हा दीप्तीवर येऊन थांबली. टॅब शेवटी तिच्याकडेच होता.

दीप्तीने आधी स्वराजला गाठलं. तो पार्किंगमध्ये गाडीवर बसला होता.

"तुझं भाषण कापावं असं मी अहवालात लिहिलंय. तू चिडला होतास."

"चिडलो होतो. अजून चिडलेलोच आहे."

"मग?"

"मग काय? सगळ्या ट्रेलरभर माझंच तोंड आहे. माझंच तोंड मी पुसून टाकू?"

"जेवायच्या सुट्टीत कुठे होतास?"

"कँटीनमध्ये. सुशांतशी भांडत. सगळ्या कँटीनला ऐकू गेलंय, कोणालाही विचार."

ते खरं निघालं. सुशांतनेही तेच सांगितलं, फक्त शिव्या गाळून.

"सुशांत, मला सांग," दीप्ती म्हणाली, "ती वाडी कुणी निवडली होती?"

"कुणीच नाही. ठरली होती दुसरीच. तिकडचा रस्ता खणलेला निघाला, म्हणून ऐनवेळी वर गेलो. सलोनीच्याच जुन्या वाडीत. डोंगराला भेग पडल्यावर रिकामी केलेली ती."

"सलोनी होती?"

"नव्हती. ताप होता तिला. नंतर कळल्यावर जरा चिडली, घराला हात लावलात का म्हणून. म्हटलं, नाही बाई, शेजारच्याच घराचं दार वाजवलंय." सुशांतने आवाज बारीक केला. "दीप्ती, तूच तर नाही ना काही केलंस?"

ती तिथूनच मागे वळली.

सलोनी लेडीज रूमच्या पायरीवर बसली होती. कॉलेजात दीप्तीच्या शेजारी डबा उघडणारी तीच एक. बाकीच्यांना दीप्तीचं नावसुद्धा कामापुरतंच आठवायचं.

"तुला कोणाचा संशय येतो?" दीप्तीने विचारलं.

"जाऊ दे ना," सलोनी म्हणाली. "एक ट्रेलर तर होता. नवीन करू."

रात्रंदिवस बसून लिहिलेल्या गोष्टीबद्दल ती असं बोलली. दीप्तीला ते खटकलं. पण मैत्रीण धीर देतेय, असंच तिने मनाला समजावलं.

घरी आल्यावर तिने मोबाईल काढला. ट्रेलर गेला होता, पण प्रेक्षक तिच्याकडे होते. प्रत्येक ठिकाणी तिने बघणाऱ्यांचे चेहरे चित्रित केले होते. त्या व्हिडिओंत पडदा दिसत नव्हता, पण ट्रेलरचा आवाज ऐकू येत होता. कुठल्या वाक्याला कोण हसलं, सगळं कळत होतं.

एसटी स्टँडवरचे लोक हसले. टपरीतले पर्यटक भजी खाता खाता हसले. मग सलोनीच्या गावातली शाळेची पडवी आली. पुढच्या रांगेत सलोनीची आई, येसूबाई, पदर तोंडाला लावून हसत होती.

स्वराजचा आवाज आला. "घरात कोणी भूत असल्यास बाहेर यावे. आधार कार्ड सोबत आणावे."

पडवी खो खो हसली. येसूबाईचं हसू मात्र तिथेच थांबलं. पदर तोंडावरच राहिला. ती पुढे झुकली, एकटक बघत राहिली. ट्रेलर संपला तरी ती तशीच.

मग गलका झाला. हे टीव्हीवर कधी लागणार? तो साहेब कुणाचा पोर? आणि त्या गलक्यात येसूबाईचा बारीक आवाज.

"हे कधी काढलंस गो?"

"मागच्या महिन्यात, काकी," व्हिडिओतली दीप्ती म्हणाली.

"बरं."

दीप्तीने तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. इतर ठिकाणी सगळ्यांनी विचारलं होतं, ही वाडी कुठली? येसूबाईला ते विचारायची गरज नव्हती. पण कधी, हे कशाला? रिकामी वाडी आज काढली काय आणि वर्षापूर्वी काढली काय, काय फरक पडतो?

फरक पडेल तो एकाच गोष्टीने. तिथे असं काहीतरी दिसलं, जे आता तिथे असायला नको होतं.

तेव्हाच तिला आणखी एक आठवलं. हा व्हिडिओ तिने एकाच माणसाला पाठवला होता. 'बघ, तुझी आई कशी रंगून बघतेय,' असं वर लिहून. आणि दुसऱ्या दिवशी ट्रेलर नाहीसा झाला.

तिने मोबाईल उपडा ठेवला. जेवायला बोलावलं तरी ती उठली नाही.

रविवारी सकाळी ती पोलादपूरच्या गाडीत बसली. पुढे मिळेल त्या जीपने उमरठ, आणि तिथून पायी. सलोनीचं गाव टाळून ती जुन्या वाटेने वर चढली. वाळलेलं गवत कमरेला लागत होतं. वाडीत कुत्रंसुद्धा नव्हतं. दारांना कुलपं, कौलांवर पाचोळा.

ज्या दारावर स्वराजने थाप मारली होती, ते तिला सापडलं. ती कॅमेऱ्याच्या जागी उभी राहिली आणि दार सोडून बाकी सगळं बघू लागली.

दाराच्या डाव्या अंगाला मागचं घर दिसत होतं, सलोनीचं. त्याच्याही दाराला कुलूप होतं. पण अंगण झाडलेलं होतं. मिरचीच्या रोपांना पाणी घातलेलं होतं, माती अजून ओली होती. आणि कुंपणावर वाळत घातलेली गोधडी होती. जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची, हाताने शिवलेली. शिवणाऱ्या बाईने ती कुठूनही ओळखली असती.

तेवढ्यात माणसाचा आवाज आला.

घराच्या पलीकडे कातळ होता. त्यावर एक माणूस पाठमोरा उभा राहून मोबाईलवर बोलत होता. रेंज तिथेच येत असावी.

"हां, येसू. नाय, आज सुट्टी हाय. मेसमध्ये लय काम असतं गो, दोनशे माणसाचं जेवण... आवाज? रविवार हाय ना, रस्ता खाली हाय. मुंबई काय रोज बोंबलते? सलोनी अभ्यास करते ना? बरं. जेवलीस? मी पण आत्ता जेवतो, सगळे थांबलेत माझ्यासाठी."

त्याने फोन खिशात ठेवला. आजूबाजूला कोणीही नव्हतं. दरीकडे तोंड करून तो खाली बसला आणि तसाच बसून राहिला.

दीप्ती पाऊल न वाजवता मागे फिरली. त्याच्या कौलांच्या वर, डोंगराच्या अंगाला ती भेग होती. गवताने झाकलेली, पण होती.

खाली गावात सलोनी घरामागे भांडी घासत होती. दीप्तीला बघून तिचे हात थांबले.

"वर जाऊन आले," दीप्ती म्हणाली. "गोधडी अजून कुंपणावर आहे."

सलोनीने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"टॅब लेडीज रूममधून गेला. तिथे स्वराज किंवा सुशांत आला असता तर बोंब झाली असती, आणि ते दोघं तेव्हा कँटीनमध्ये भांडत होते. राहिलो आपण दोघी. तरी मी तुझं नाव घेतलं नाही, कारण तुझ्याकडे काही कारणच दिसत नव्हतं. ट्रेलर तूच लिहिलास, गावात दाखवायचा हेही तूच सुचवलंस. म्हणजे तोपर्यंत तुला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. बरोबर?"

"सगळे त्या दाराकडे बघतात," सलोनी पुटपुटली. "मी पण."

"मग मी तुला काकींच्या चेहऱ्याचा व्हिडिओ पाठवला. त्या कुठल्या वाक्याला थांबल्या ते तू ऐकलंस. ट्रेलर परत लावलास आणि मागची गोधडी तुला दिसली. त्या फक्त 'कधी' एवढंच विचारत होत्या. मुंबईला गेलेल्या माणसाची गोधडी मागच्या महिन्यात वाडीत वाळत होती, हे त्यांना पुन्हा बघायला मिळू नये म्हणून तू दोन्ही कॉपी नाहीशा केल्यास."

"स्पर्धेनंतर ते सगळ्या गावाच्या मोबाईलवर गेलं असतं," सलोनी म्हणाली. "मुंबईच्या ग्रामस्थ मंडळातसुद्धा. मेस बंद पडली, गणपतीनंतर. त्याच गणपतीत पप्पा सगळ्यांना सांगून गेलेले, यंदा खोली घेतो, तुम्हाला मुंबईला नेतो. मग कुठल्या तोंडाने येणार? मी पाटावरवंटा आणायला वर गेले तर ते चुलीपाशी बसलेले. दुसरं काम लागेपर्यंत आईला सांगू नको म्हणाले. शपथ घातली."

"आणि संशय माझ्यावर आला तेव्हा?"

सलोनीने मान खाली घातली. "तू सहन करशील असं वाटलं. तू नेहमीच करतेस."

दीप्तीने वर डोंगराकडे बघितलं. मग ती म्हणाली, "पावसाळ्यात ती भेग थांबणार नाही, सलोनी. तुझ्या आईला सांगावंच लागेल."

"मला ठाव हाय."

दोघींनी वळून बघितलं. मागच्या दारात येसूबाई उभी होती.

"ते दाखवलंस त्या दिवशीच गेले मी वर," ती म्हणाली. "वळणापासून बघितलं. तांदूळ निवडीत बसलेले. माघारी आले."

"हाक का नाही मारलीस, आई?"

"त्यांनी मला सांगितलं नाय. म्हणजे सांगायचं नाय त्यांना. मग मी कशी इचारू? फोन येतो, मी इचारते, मुंबईत पाऊस हाय काय, थंडी हाय काय. ते सांगतात. मी हूं म्हणते." तिने पदराने तोंड पुसलं. "तू पण जाणतेस हे मला नव्हतं माहीत गो."

तीन माणसं, एकच गोष्ट, आणि प्रत्येकाने ती एकट्याने धरून ठेवलेली.

येसूबाईने चुलीवरची भाकर फडक्यात बांधली. चपला घातल्या. सलोनीने आतून टॅब आणून दीप्तीच्या हातात ठेवला आणि आईच्या मागे निघाली. मायलेकी वर वाडीच्या वाटेला लागल्या. वळणावर सलोनी थांबेल असं दीप्तीला वाटलं होतं. ती थांबली नाही.

जीपची वाट बघत दीप्ती रस्त्यावर उभी राहिली. तिने सरांना फोन लावला.

"टॅब मिळाला, सर. ट्रेलर आहे. पण आधार कार्डाचा शॉट काढावा लागेल."

"तो? सगळ्यात जास्त लोक तिथेच हसतात असं तूच म्हणालीस ना?"

"एक बाई हसली नाही."

"एका बाईसाठी? आणि टॅब घेतला कुणी?"

"ते ती स्वतः सांगेल, सर. तिला थोडा वेळ द्या."

सलोनीने आठवड्याभरात सरांना सगळं सांगितलं. तो शॉट निघाला. स्पर्धेत 'भूतगणने'ला बक्षीस मिळालं नाही, पण लोक हसले. येसूबाईचा नवरा भरत त्याच रविवारी गोधडी खांद्यावर टाकून खाली आला, आणि होळीच्या सुमारास हिरकणीवाडीला एका खानावळीत स्वयंपाकाला लागला. गावात कोणी त्याला मुंबईबद्दल फार विचारलं नाही. गावात अशी माणसं पुष्कळ होती.

सलोनी वर्गात पुढच्या बाकावर बसू लागली. समोर आली की हसते, "कशी आहेस?" म्हणते, आणि पुढे जाते. दीप्तीला ते कळतं. आपल्याबद्दल सगळं जाणणाऱ्या माणसाशेजारी बसून डबा खाणं सोपं नसतं.

दीप्ती आपला डबा घेऊन पायरीवर बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे बघत राहते.