नाव हरवलेले बेडूक

मी ‘हो’वर बोट टेकवलं आणि तेवढ्यात मदतीला बसलेला मुलगा चार्जर घेऊन परत आला.

“थांबा — काय दाबलंत?”

“पूर्ण डिस्क पुसू का, असं विचारलं लॅपटॉपने. जुनी सिस्टीम काढायचीच होती, म्हणून...”

तो समोरच्या खुर्चीत बसला. बसला कसला, कोसळलाच. “फाईलींची कॉपी आहे ना कुठे?”

नव्हती. कॉलेजच्या संगणक कक्षात त्या दिवशी मुक्त सॉफ्टवेअर फुकट बसवून देत होते, आणि मी उत्साहाने लॅपटॉप घेऊन आले होते. त्यात होते तळ्यांकाठी बसून रेकॉर्डरवर टिपलेले बेडकांचे आवाज. माझा सगळा प्रबंध त्यांच्यावर उभा होता आणि तो पुढच्या सोमवारी द्यायचा होता.

“रडू नका,” तो म्हणाला.

“मी रडत नाहीये.”

“मग मी रडतो. लक्ष ठेवायचं काम माझं होतं.”

तो भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होता. बिघडलेलं काहीही उघडून बसायचा, म्हणून सगळे त्याला मिस्त्री म्हणत. पुसलेलं परत काढणारा एक प्रोग्रॅम त्याने लावला. कुण्या अनोळखी माणसाने लिहून सगळ्या जगाला देऊन टाकलेला. संध्याकाळपर्यंत बेडूक परत आले... पण नावांवाचून. कुठल्या तळ्यातला, कुठल्या दिवशीचा, काही कळेना.

मग रोज चार वाजता आम्ही ऐकायला बसू लागलो. इअरफोन एकच. एक कान त्याचा, एक माझा.

“मागे पंप ऐकू येतोय. म्हणजे गिरणीमागचं तळं,” मी सांगायची आणि तो नाव टाकायचा.

“आणि हा कोण ओरडतोय?”

“नर. मादीला बोलावतोय.”

“किती वेळ बोलावतो?”

“ती येईपर्यंत.”

“बिचारा,” तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. माझा इअरफोनचा कान उगाचच गरम झाला.

मधल्या वेळात तो मला स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत संगणकाला आज्ञा लिहायला शिकवी. मी लिहिलं की खिडकी नुसती गप्प.

“बिघडलं का?”

“बिघडलं असतं तर बोंब मारली असती. गप्प आहे, म्हणजे काम झालं.”

घरी ताई विचारायची, “अगं, बेडूक संपत कसे नाहीत तुझे?”

गुरुवारी सकाळी मी एकटीच पुसलेलं परत काढणाऱ्या त्या प्रोग्रॅमची माहिती वाचत बसले. वाचता वाचता कळलं की रेकॉर्डर प्रत्येक फाईलच्या पोटात तारीख आणि वेळ लिहून ठेवतो. कुठल्या दिवशी कुठलं तळं, हे मला तोंडपाठ होतं. चुकतमाकत चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, चालवला आणि सगळ्या बेडकांना नावं मिळाली!

उड्या माराव्यात की नाही? पण मी इअरफोनच्या वायरीकडे बघत राहिले. आता चारला बसायचं कशासाठी? सांगितलंच नाही तर अजून तीन दिवस मिळाले असते... पण प्रबंधही लिहायचा होता. चार वाजता तो आला आणि मी सांगून टाकलं.

त्याला आश्चर्य वाटलं नाही. त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला. “यातही आहेत सगळ्या फाईली. तारखांसकट. मंगळवारपासून.”

“मंगळवारपासून! आणि मी वेड्यासारखी पंप ओळखत बसले?”

“छान ओळखत होतीस.”

“माझा प्रबंध सोमवारी आहे, मिस्त्री!”

“म्हणून तर कालच देणार होतो. शपथ! पण तू इअरफोन पुढे केलास, आणि मग...”

“मग?”

“मग मी माणूस आहे गं.”

मला रागवायचं होतं. खरंच. “पुन्हा माझ्यापासून असं लपवायचं नाही.”

“नाही लपवणार. मग हेही सांगतो — मला तू आवडतेस. खूप.”

पेनड्राइव्ह अजून पुढेच धरलेला होता. मी तो घेतला, हातासकट.

“म्हणजे उद्यापासून चारला...” तो पुटपुटला.

“चारला ये,” मी म्हटलं. “उद्या बेडूक नसतील. आपण दोघंच.”