दारातल्या चपला

हारुमी, फोन ठेव बघू खाली. आणि कुणी दात काढायचे नाहीत, आधीच सांगतो. आमच्या इसोगाईचं आहे हे, चटया विणायचा तो. दोन वर्षांपूर्वीची तेरा ऑगस्टची रात्र, पावणेआठ.

पितर घरी यायचे दिवस. पंच्याऐंशीचा इसोगाई, एकटा जीव, खाडीकाठचं बापाचं बंद घर उघडून दिवा लावायला गेला. दरवर्षी जायचा. चपला काढल्या, त्यांची तोंडं बाहेर करून दारात नीट मांडल्या. लहानपणापासून अंगात मुरलेली सवय आपली.

तीच सवय नडली होती त्याला. पंचेचाळीस साली युद्ध हरलो, तेव्हा हा सहा वर्षांचा. अमेरिकन शिपाई गावात फिरायला लागले. दारात बाईमाणसाच्या चपला दिसल्या की सरळ आत शिरायचे. म्हणून याच्या थोरल्या बहिणीनं, फुमीनं, आपल्या लाल पट्ट्यांच्या चपला आत नेल्या आणि अंथरुणांच्या कपाटात लपून बसली. चपला घरात कशा, म्हणून या शहाण्यानं त्या उचलून दारात मांडून ठेवल्या!

तिघे आले. बुटांसकट. पुढचं मी सांगणार नाही.

फुमी पुन्हा कुणाशी बोलली नाही. हिवाळ्यात तिनं खाडी जवळ केली. आईबाप मरेपर्यंत म्हणत राहिले, पोरगीच वेंधळी, चपला दारात विसरली. इसोगाईनं कधी तोंड उघडलं नाही.

तर त्या रात्री त्यानं दिवा लावला, आणि कपाटातून श्वास ऐकू आला. दाबून धरलेला.

“कोण आहे?”

श्वास थांबला...

“ताई?”

...

“ताई, तू नव्हतीस गं विसरली. चपला मी... मी ठेवल्या होत्या.”

दिवा गेला. कपाटाचं दार सरकलं. बोटभर. मग आणखी.

त्यानं डोळे मिटले.

कुणीतरी समोर बसलं. अगदी जवळ.

गालाला हात लागला. गार...

सव्वाआठला इसोगाई माझ्या दारात. अनवाणी, लहान पोरासारखा रडत. मी त्याला उजेडात घेतला. डाव्या गालावर काजळी. पाच बोटं, स्पष्ट. त्या काळी पोरी आपण कुरूप दिसावं म्हणून तोंडाला, हातांना भांड्यांची काजळी फासून बसायच्या. आणि त्या घरातली चूल मोडून पन्नास वर्षं झालीत रे!

“मारलं का तिनं? की गोंजारलं?” त्याच्या तोंडून सगळं ऐकल्यावर मी विचारलं.

“तेच तर कळत नाही,” म्हणाला.

साबणानं घासलं, रॉकेलनं घासलं. गेल्या महिन्यात त्याला जाळायला नेला, तेव्हाही पाचही बोटं गालावर तशीच होती. मी या डोळ्यांनी पाहिली.