घोडीजवळची कॉइल

"अहो बाई, पोरीला धरा!"

मी छकूचा हात मागं ओढला. टेबलावर डाख लावायची सळई लालबुंद तापली होती... छकू मात्र खुदुखुदु हसत होती.

सात रस्त्याजवळच्या त्या रेडिओच्या दुकानात मी गिटार घेऊन गेले होते. शाळेच्या संमेलनात मी वाजवायचे, पण गिटारचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडं जाईना. दुकानदार वेणीमाधव म्हणाले, "तारांखाली आवाज पकडणाऱ्या दोन कॉइल बसवू. एक गळ्याजवळ, एक खाली तारा टेकतात त्या घोडीजवळ. मग रेडिओला जोडली की त्यातून मोठ्यानं वाजेल!"

एक कॉइल जोरदार होती, एक नाजूक. त्यांनी बोटानं तार छेडली, माझ्याकडं पाहिलं... आणि तार थांबली तरी पाहतच राहिले.

छकूचे वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. दादानं एक स्थळ आणलं होतं, "मुलगी आजोळी ठेवा" म्हणणारं. रविवारी उत्तर द्यायचं होतं.

गुरुवारी मी गिटार घेऊन परत गेले.

"गळ्याजवळ नुसतं घुमतंय, घोडीजवळ कुजबुजतंय. उलट बसवल्यात तुम्ही! घोडीजवळ तार जेमतेम थरथरते, जोरदार कॉइल तिथं हवी. एवढं कळत नाही?"

"कळतं."

"मग?"

"बरोबर बसवल्या असत्या, तर आज तुम्ही आला असता?"

मला रागवायचं होतं. पण हसूच आलं. एवढ्यात आठवलं – सळई! छकू कुठंय? वळून पाहते तर ती टेबलापाशीच उभी; आणि सळईभोवती नवा कोरा लाकडी कठडा. तिचा हात पोचणार नाही इतका उंच.

"हा कधी केलात?"

"त्या दिवशीच. तुम्ही गेल्यावर."

"गिऱ्हाइकांच्या पोरांसाठी?"

"नाही..." त्यांचे कान लाल झाले. "घरच्या पोरीसाठी. म्हणजे – तिच्या आईची ना नसेल तर."

"दोघींना न्याल?"

"एकीला कशी नेणार? तुमचं अर्धं लक्ष कायम तिच्यापाशी. मला सबंध बायको हवी की!"

मी छकूचे केस नीट करत बसले. ते आधीच नीट होते.

"दादाला येऊन भेटा," मी म्हटलं. "रविवारच्या आत."

त्यांनी घाईघाईनं पेचकस उचलला. "कॉइल बदलून देतो लगेच!"

"आज नको हं," मी गिटार पोटाशी धरली. "उद्या यायला काही कारण नको?"