राखेतल्या पहिल्या ओळी

आयुष्यात आपण एकाच पत्राला उत्तर दिलं नाही, असं भास्कर गायधनी यांना वाटत होतं.

ते पत्र मायाक्का कोळेकर नावाच्या मुलीचं होतं. जत तालुक्यातल्या एका मेंढपाळाची मुलगी, त्या वेळी कॉलेजात शिकणारी. गायधनींच्या ‘कोरड्या माळांची गवते’ या पुस्तकाचा पहिला भाग नुकताच निघाला होता. तिने ईमेल पाठवली होती: ‘सर, माझे वडील शाळेत गेलेले नाहीत. पण तुमच्या पुस्तकातली चित्रं बघून ते एकेका गवताचं नाव सांगतात आणि म्हणतात, हा माणूस आपल्या माळावर गुडघे टेकून बसलेला आहे.’ हे वाचून गायधनी उठले, खिडकीपाशी गेले, परत आले आणि त्यांनी पत्र मिटलं. एवढ्या चांगल्या पत्राला शोभेल असं काय लिहायचं, ते त्यांना सुचेना. सावकाश लिहू, असं त्यांनी ठरवलं. त्याच आठवड्यात त्यांच्या घरी नको ती पत्रं अडवणारी चाळण बसली होती, आणि उत्तर राहून गेलं.

आता चाळण येऊन एक पिढी लोटली होती. लॉटरी लागल्याची, बिनव्याजी कर्जाची, टकलावर केस उगवून देण्याची, बँकेचं नाव लावून पासवर्ड मागणारी पत्रं पूर्वी रोज ढिगाने यायची आणि त्यातून आपलं पत्र वेचून काढावं लागायचं, हे सांगितलं तर मुलांना खोटं वाटे. जुन्या गाळण्या शब्द तपासायच्या. ‘बक्षीस’ दिसलं की अडवायच्या. फसवणारे मग शब्द बदलायचे. पुढे यंत्रंच पत्रं लिहू लागली, ती सख्ख्या भावाने लिहिल्यासारखी वाटू लागली, आणि शब्द तपासून काही उपयोग होईना. तेव्हा संशोधकांनी पत्राचा नाद सोडला आणि वाचणाऱ्याकडे बघायला सुरुवात केली.

त्यांना आढळलं ते असं. पत्राची पहिली ओळ डोळ्यांपुढे आली की तिचा अर्थ मनात उमटण्याआधीच शरीर आपलं मत देऊन मोकळं होतं. बाहुली किंचित आकसते, मनगटाची कातडी ओलसर होते, नाडीचा एखादा ठोका चुकतो. कडू गोळी नुसती दिसली तरी जीभ आखडते, तसंच. या क्षणभराच्या प्रतिक्रियेला त्यांनी ‘पूर्वनकार’ असं नाव दिलं. मनगटावरची पट्टी हा पूर्वनकार मोजायची आणि चाळणीला कळवायची. काही आठवड्यांत चाळण त्या माणसाच्या नकोशा गोष्टी इतक्या नेमक्या शिकायची, की पुढे पत्र दाखवण्याचीही गरज उरत नसे. ती ते आल्याआल्या जाळून टाकी. जळालेल्या पत्रामागे फक्त दोन गोष्टी उरत: पाठवणाऱ्याचं नाव आणि पहिली ओळ. याला ‘राख’ म्हणत. ती कुणी बघत नसे. केर टाकून आल्यावर कुणी बादलीत डोकावतं का?

गायधनींच्या पेटीत पत्रं येत, ती अशी: ‘पान बावन्नवर मारवेलच्या तुऱ्याचं वर्णन चुकलं आहे.’ ‘कुसळीचं चित्र उलटं छापलं आहे.’ ते लगेच आभार मानून चूक दुरुस्त करत. पहिल्या भागाच्या पुढच्या आवृत्त्यांत चुका उरल्या नाहीत, तशी ही पत्रंही थांबली. गेलं वर्षभर पेटी रिकामी होती. मिरजेच्या कॉलेजातल्या ग्रंथपालपदावरून निवृत्त झालेल्या या माणसाने त्याचा सरळ अर्थ लावला. पुस्तक कुणाला नको आहे. मग दुसरा भाग तरी कशाला? तो तयार होता. कपाटात हस्तलिखित होतं आणि वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवलेल्या गवतांचे गठ्ठे होते.

“रविवारी रद्दीवाल्याला बोलावलंय,” त्यांनी बायकोला सांगितलं.

कुमुदिनीबाई शेंगा सोलत होत्या. “अहो, त्या गवताला रद्दीवाला हात लावायचा नाही. म्हशीवाला बोलवा.”

“चेष्टा नको.”

“मग करू काय? तीस वर्षं माझ्या साड्या ट्रंकेत आणि तुमचं गवत कपाटात. मी कधी बोलले? आणि आता तुम्हीच निघालात ते विकायला.”

“कुणी एका ओळीचंही पत्र लिहीत नाही, कुमुद.”

“चाळण बिघडली असेल. ती मिक्सरसारखीच वस्तू. आधी दाखवून या कुठेतरी, मग रद्दीवाला.”

“लोक नको ती पत्रं आली म्हणून तक्रार करतात. पत्रंच येत नाहीत म्हणून काय तक्रार करायची?”

“लाजायचं असेल तर मी येते आणि मी बोलते,” कुमुदिनीबाई म्हणाल्या, आणि या धमकीने ते चप्पल घालून निघाले.

मिरजेच्या चाळण केंद्राच्या प्रमुख डॉ. फिरदौस मुजावर होत्या. पूर्वनकार प्रथम मोजला गेला तेव्हा त्या प्रयोगशाळेतल्या सगळ्यात लहान संशोधक होत्या. आता केस पिकले होते, पण चाळणीबद्दल बोलताना त्या अजून खुर्चीत पुढे सरकून बसत.

“बिघाड? शक्य नाही, सर,” त्या म्हणाल्या. “या देशात एका माणसाला एक नकोसं पत्र आलेलं दाखवा, मी राजीनामा देईन. तुमचा विषय काय म्हणालात?”

“गवत.”

“गवत म्हणजे?”

“गवतच. कोरड्या माळावरचं. एक भाग छापलाय, दुसरा तयार आहे.”

“गवताचे दोन भाग!” फिरदौसबाई हसल्या. “रागावू नका हं. आम्ही शहरातली माणसं. आम्हाला हिरवं ते गवत आणि वाळलं की चारा.”

“माझी बायकोही असंच म्हणते,” गायधनी म्हणाले. “मॅडम, मला एवढंच कळायला हवं. पेटी बिघडली आहे, की खरंच कुणी लिहीत नाही. लिहीत नसतील तर मी कपाट रिकामं करणार आहे.”

फिरदौसबाईंनी त्यांची मनगटपट्टी यंत्रावर ठेवली. पडद्यावर राख उघडली आणि त्यांचं हसू मावळलं. नावांखाली नावं सरकत होती आणि संपत नव्हती.

“यातल्या लॉटऱ्या आणि कर्जं बाजूला काढते,” त्या म्हणाल्या. काढली. तरी नावं सरकतच राहिली. “सर, ही माणसं आहेत.”

गायधनींनी चष्मा पुसला आणि वाचलं.

‘गायधनी सर, आमच्या आटपाडीच्या शाळेत तुमच्या पुस्तकावर...’

‘आदरणीय सर, दुसरा भाग कधी येणार? आम्ही...’

‘विजापूरहून लिहितो. मराठी वाचता येत नाही, मित्राकडून वाचून घेतलं...’

‘सर, पवना आणि डोंगरी या गवतांतला फरक मला तुमच्यामुळे...’

“पण का?” ते पुटपुटले. “ही मला नको होती, असं कुणी सांगितलं?”

“तुम्हीच. हे बघा.” फिरदौसबाईंनी पहिल्या काही आठवड्यांची नोंद काढली. “सगळ्यांत आधीचं पत्र. कुणी मायाक्का कोळेकर. नाडी चुकली, घाम आला, नजर पडद्यावरून हटली आणि तुम्ही खुर्ची सोडून उठलात. इतका ठळक पूर्वनकार मी क्वचित पाहिला आहे. चाळणीचा पहिला धडाच हा.” त्या थांबल्या. “पण यात काहीतरी वेगळं आहे. कंटाळ्यात किंवा किळसेत कातडी थंड पडते. तुमची तापली आहे.”

गायधनी खाली बघत म्हणाले, “कुणी चांगलं बोललं की माझे कान तापतात. लहानपणापासून. काय करावं कळत नाही. तिथून निघून जावंसं वाटतं.”

“आणि चुका दाखवणारी पत्रं?”

“ती बरी वाटतात. चूक दुरुस्त करता येते.”

फिरदौसबाईंनी ती नोंद पुन्हा खाली-वर करून पाहिली. “आम्ही भीती मोजली, राग मोजला, कंटाळा मोजला,” त्या म्हणाल्या. “संकोच मोजायचं कुणाला सुचलं नाही. चाळणीला तो नकारच वाटला. सर, ती बिघडलेली नाही. तिने तुमच्या शरीराचं अक्षरशः ऐकलं.”

“जळालेली पत्रं परत...”

“नाही. तेवढंच उरतं.”

गायधनींनी मायाक्का कोळेकरचं नाव निवडलं. तिच्या पहिल्या ओळी एकाखाली एक आल्या. ते मोठ्याने वाचू लागले. आधी अडखळत, मग सावकाश.

“‘सर, माझं आधीचं पत्र मिळालं नसेल म्हणून पुन्हा...’ ‘सर, गावाच्या मागचा उजाड माळ आम्ही राखायला घेतलाय, तुमचं पुस्तक बरोबर...’ ‘सर, कुंपण नाही घातलं, मेंढ्या पाळीपाळीने...’ ‘सर, पवना आला! माझे बापू तिथेच बसून...’ ‘सर, बापू गेले. शेवटपर्यंत तुमचं पुस्तक उशाशी...’ ‘सर, आता चाळीस गावं माळ राखतात, पुढच्या गवतांसाठी दुसरा भाग...’ ‘सर, हे शेवटचं. तुमची तब्येत चांगली असावी, एवढीच...’”

त्यापुढे तिचं नाव नव्हतं.

खोलीत पंखा फिरत होता. गायधनींचे कान लालबुंद झाले होते. उठून खिडकीशी जावं असं त्यांना तीव्रतेने वाटलं. ते उठले नाहीत. खुर्चीचे हात धरून त्यांनी त्या ओळी पहिल्यापासून पुन्हा वाचल्या. चाळीस गावं. मान वर करून ते फिरदौसबाईंना म्हणाले, “पवना सहजासहजी येत नाही, मॅडम. माळ उजाड होऊ लागला की तो पहिला जातो आणि सगळ्यात शेवटी परत येतो. या लोकांनी तो परत आणला. माझ्या पुस्तकावरून.”

“तुमच्या पुस्तकावरून,” फिरदौसबाई म्हणाल्या. या वेळी त्या हसल्या नाहीत.

“मी आत्ता उत्तर लिहितो.”

“लिहा. पण इथून पाठवू नका.”

“का?”

“ती इतकी वर्षं लिहीत राहिली आणि गप्प बसली, सर. दर वेळी पेटी उघडताना तिला तुमच्या नावाची आशा असणार आणि दर वेळी ती मोडली असणार. तिच्याही मनगटाला पट्टी आहे. आशा मोडलेल्या माणसाचं शरीर त्या नावाला सगळ्यात आधी नको म्हणतं. तुमचं उत्तर तिची चाळण जाळेल. तुम्ही उत्तर दिलं होतं, हे तिला कधी कळणारही नाही.”

गायधनींनी पडद्यावरच्या नावांवरून एकदा नजर फिरवली. मग त्यांनी हळूच विचारलं, “मग अशी किती माणसं असतील, मॅडम? रागावलेले भाऊ. गेलेल्या मुलाची आठवण नको म्हणून त्याच्या मित्राचं पत्र टाळणारी आई. नको ते कुणालाच मिळत नाही, असं तुम्ही म्हणालात.”

“हो.”

“तुम्ही तुमची राख कधी बघितली?”

“नाही.”

“बघा ना.”

फिरदौसबाईंचा हात कळफलकाकडे गेला आणि मध्येच थांबला. “आज नको,” त्या म्हणाल्या. त्यांच्या मनगटावरच्या पट्टीचा बारीक दिवा एकदा लुकलुकला. त्यांच्या चाळणीने काहीतरी आणखी शिकून घेतलं होतं. दोघांनीही ते पाहिलं.

घरी येऊन गायधनींनी रद्दीवाल्याला नको म्हणून कळवलं. मग मायाक्काच्या पहिल्या पत्राखालचा गावाचा पत्ता उतरवून घेतला आणि कागद घेतला. पहिला मसुदा कुमुदिनीबाईंनी वाचला आणि फाडला.

“‘माझ्या सामान्य पुस्तकाचा आपणास अल्पसा उपयोग झाला असल्यास’? अहो, चाळीस गावं माळ राखतायत आणि तुम्ही अजून कोपऱ्यात उभे! त्या पोरीने काय सामान्य पुस्तकासाठी आयुष्य घातलं? तिचा अपमान आहे हा.”

हे त्यांना पटलं. आपण स्वतःला कमी म्हणतो, तेव्हा आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्यालाही खोटं पाडतो, असा विचार त्यांनी कधी केला नव्हता. दुसऱ्यांदा त्यांनी लिहिलं: ‘चि. मायाक्का, तुझ्या पहिल्या पत्रानंतरची पत्रं मी वाचली नाहीत. ती माझ्याच संकोचाने जळाली. पहिल्या ओळी तेवढ्या उरल्या आहेत, त्या मला पाठ झाल्या. पुस्तक चांगलं झालं आहे. दुसरा भाग त्याहून चांगला आहे. त्याच्या हस्तलिखिताची प्रत सोबत पाठवतो आहे. पवना पाहायला यायचं आहे. बापूंना भेटायचं राहिलं. भास्कर गायधनी.’

टपाल कचेरीत आता पार्सलं जात. कागदाचं पत्र क्वचित कुणी पाठवी. खिडकीतल्या कारकुनाने जाड पाकीट उलटंपालटं केलं.

“आत काय, काका? बी-बियाणं?”

“पत्र आहे. आणि पुस्तक.”

“पत्र!” त्याने मागे वळून कुणालातरी सांगितलं, “ओ साळुंखे, पत्र आलंय बघा.” मग पाकीट परत सरकवलं. “पाठवणाऱ्याचं नाव राहिलंय.”

गायधनींनी पेन काढलं आणि ते थांबले. चाळण इथे नव्हती. पण पाकिटावरचं नाव दिसताच मायाक्काच्या बोटांनीच नको म्हटलं तर? कुणी यंत्र न लावताही माणूस पाकीट न फोडता फळीवर टाकू शकतो. नाव न घालता पाठवलं तर ती निदान उघडेल. नाव गाळणं त्यांना सोपंही होतं. आयुष्यभर ते बारीक अक्षरात, कोपऱ्यात सही करत आले होते.

“काका, लाइन आहे मागे.”

त्यांनी लिहिलं, पाकिटाची अर्धी बाजू व्यापेल एवढ्या अक्षरांत: भास्कर गायधनी, लेखक, ‘कोरड्या माळांची गवते’, भाग पहिला व दुसरा.

“एवढं मोठं नाव?” कारकून म्हणाला.

“हो. हे पुस्तक मी लिहिलंय.”

कारकुनाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, वजन केलं, ठप्पा मारला आणि पाकीट जतच्या पिशवीत टाकलं.